चाकाचें पादत्राण

संसारांत कांहीं वस्तु अशा असतात कीं, त्या नीट चालत असेपर्यंत त्यांच्याकडे कोणाचेंहि लक्ष जात नाहीं, आणि बिघडल्या म्हणजे मात्र घरांतील सर्वांचा दिवस बिघडतो. सायकलीचा टायर हा या वर्गांतला अग्रणी होय. मुलामुलींसाठीं सायकल घ्यावयास निघालेलें कुटुंब दुकानांत रंग पाहतें, घंटा वाजवून पाहतें, गिअर किती आहेत तें मोजतें, बैठक दहा वेळां खालींवर करवितें. परंतु ज्या दोन वर्तुळांवर स्वारासकट सारा भार पडावयाचा, त्यांच्याविषयीं एकहि प्रश्न न विचारतां पैसे मोजून घरीं येतें. कारखान्यानें बसविलेला टायर वाईटच असतो असें नाहीं. पण किंमत आटोक्यांत राहावी या हिशोबानें तो बहुधा बसविलेला असतो. आपला रोजचा रस्ता कारखानदारानें पाहिलेला नसतो.

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक तक्रार वारंवार दिसते. कन्येस महाविद्यालयांत जाण्यासाठीं सायकल घेऊन दिली. पहिले दोन महिने उत्साह टिकला. पुढें महिन्यांतून दोनदां पंक्चर होऊं लागलें. एकदां अंधार पडतां पडतां मैलभर सायकल हातीं धरून चालत यावें लागलें. तेव्हांपासून सायकल जिन्याखालीं उभी आहे आणि घरांत स्कूटरच्या हप्त्यांचा हिशोब चालला आहे. पंक्चर काढण्यास पडणारे पैसे अल्प असतात; परंतु वाहनावरचा विश्वास एकदां उडाला म्हणजे तो ठिगळ लावून परत येत नाहीं. म्हणून शहरांत रोज सायकल चालविणाऱ्यानें टायर कसा निवडावा, याचा विचार आज करूं.

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. २०१७ च्या डिसेंबरांत तेथील महानगरपालिकेनें सायकलींचा सर्वंकष आराखडा मंजूर केला. परंतु कोणताहि आराखडा कागदावरून रस्त्यावर उतरावयास काळ लागतो, आणि तोंवर शाळा, कचेऱ्या व बाजार थांबत नाहींत. सगळी वाट निष्कंटक होण्याची प्रतीक्षा करण्यापेक्षां आपल्या पायांत जोडा घालावा, हें व्यवहारज्ञान जुनेंच आहे. टायर हा चाकाचा जोडा होय. जोडा घेतांना आपण वाट कशी आहे, पाय केवढा आहे आणि चालणें किती आहे, हें पाहतों. टायराविषयींहि हेच तीन प्रश्न विचारावे.

प्रथम टायराचें मूळ कार्य ध्यानीं घेऊं. रॉबर्ट विल्यम टॉमसन नांवाच्या स्कॉटिश गृहस्थानें हवेच्या टायराचें पेटंट १८४५ सालींच घेतलें होतें. पण तें लोकांच्या विस्मृतींत गेलें. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तीच कल्पना स्वतंत्रपणें योजिली, आणि तेथून हवेचा टायर जगभर गेला. त्यापूर्वीं चाकांना भरीव रबर लावीत. भरीव रबराला कांट्याचें भय नव्हतें, पण स्वाराचीं हाडें खिळखिळीं होत. हवेनें सुख दिलें आणि त्या सुखाबरोबर पंक्चरहि दिलें. यांतून एक गोष्ट मनांत पक्की धरावी. भार पेलते ती हवा. रबर आणि कापड हे त्या हवेचे रखवालदार. टायर निवडणें म्हणजे हे रखवालदार निवडणें.

रखवालदार नेमण्यापूर्वीं चोर कोण, हें जाणलें पाहिजे. शहरांत त्यांचे चार प्रकार आढळतात.

पहिला कांटा. माळावरून किंवा मोकळ्या प्लॉटांच्या कडेनें जाणाऱ्यांस सराटा परिचित असेल. संस्कृतांत यासच गोक्षुर म्हणतात. अमरकोशांत श्वदंष्ट्रा आणि गोकण्टक असेहि त्याचे पर्याय दिले आहेत. ज्याच्या चाकांत तो एकदां शिरला आहे, त्यास ‘कुत्र्याची दाढ’ हें नांव किती यथार्थ आहे, हें निराळें समजावून सांगावें लागत नाहीं. याचें फळ वाळलें म्हणजे पांच भागांत फुटतें, आणि प्रत्येक भाग जमिनीवर असा पडतो कीं एखादा कांटा वर तोंड करून राहतो. मात्र हा कांटा कांहीं मिलिमीटरच लांब असतो, हें लक्षांत ठेवावें. बाभळीचा कांटा याहून बराच लांब. कुंपणाच्या फांद्या छाटल्या कीं तो रस्त्यावर येतो.

दुसरा चोर म्हणजे कांच. कांचेचा कण एका क्षणांत ट्यूबपर्यंत पोहोंचतोच असें नाहीं. तो प्रथम रबरांत रुततो, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक किंचित् किंचित् आंत सरकत जातो. आज लागलेल्या कांचेचें पंक्चर कधीं कधीं आठ दिवसांनीं होतें, तें यामुळेंच. ओलें रबर कांचेनें लवकर चिरतें, म्हणून पावसाळ्यांत हा उपद्रव वाढतो. तिसरा चोर लोखंडी: खिळा, बांधकामावरील तारेचा तुकडा, आणि मोटारींच्या जीर्ण टायरांतून निघालेली केसासारखी बारीक पोलादी तार. चौथा चोर मात्र घरचाच आहे. त्याचें नांव कमी हवा. टायर मऊ असतां चाक खड्ड्याच्या कडेवर आदळलें, तर ट्यूब लोखंडी रिम आणि ती कड यांच्यांत चिमटली जाते आणि तिला शेजारीं शेजारीं दोन छिद्रें पडतात. अशीं जोडछिद्रें दिसलीं तर कांटा शोधीत बसूं नये.

आतां रखवालदारांकडे वळूं. टायर आडवा कापून पाहिला तर आंत रबरानें माखलेल्या धाग्यांचा सांगाडा, दोन्ही कडांना रिमेवर पकड घेणाऱ्या तारा, आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागीं रबराचा जाड थर दिसतो. पंक्चर टाळण्यासाठीं या रचनेंत मुख्यतः तीन प्रकारची भर घालतात.

पहिली, रस्त्याला टेकणारें रबरच अधिक जाड ठेवणें. हा उपाय जुना, स्वस्त आणि प्रामाणिक आहे. चाक थोडें जड होतें इतकेंच. दुसरी, त्या रबराखालीं दाट विणीच्या धाग्यांचा पट्टा घालणें. हा पट्टा नायलॉनचा असतो किंवा केव्हलारचा. केव्हलार हा अतिशय बळकट धागा; ड्यूपाँ कंपनींत स्टेफनी क्वोलेक या विदुषीनें १९६५ सालीं त्याचा शोध लावला. असा पट्टा कांचेला चांगला अडवितो आणि टायराचें वजन फारसें वाढवीत नाहीं. परंतु अणकुचीदार कांटा किंवा बारीक तार धाग्यांच्या मधून वाट काढूं शकते. तिसरी भर म्हणजे रबर आणि सांगाडा यांच्यामध्यें लवचीक पदार्थाचा जाड थर. जर्मनीच्या श्वाल्बे कंपनीचा मॅरेथॉन प्लस हा टायर याचें प्रसिद्ध उदाहरण. त्यांत हा थर ५ मिलिमीटरांचा असतो. येथें गणित सरळ आहे. कांट्याच्या लांबीहून ट्यूबेपर्यंतचें अंतर अधिक असेल तर कांटा रुतेल, पण पोहोंचणार नाहीं. सराट्यावर हा उत्तम उपाय. मात्र असा टायर वजनदार असतो, चालविण्यास किंचित् मंद वाटतो, आणि रिमेवर चढवितांना व उतरवितांना बोटांची परीक्षा घेतो.

हवेवांचून चालणारे भरीव टायरहि मिळतात. त्यांना पंक्चर नाहीं हें खरें. पण मग आपण १८८८ च्या पूर्वीं परत गेलों. खड्ड्याचा धक्का हवेऐवजीं आरे, रिम आणि स्वाराची पाठ यांना सोसावा लागतो. भाड्यानें देण्याच्या सायकलींना ते सोयीचे असतील. रोज पांच-सहा मैल जाणाऱ्या प्रौढ मनुष्यास मीं ते सुचविणार नाहीं. टायराच्या आंत घालावयाच्या पट्ट्या आणि ट्यूबेंत ओतावयाचे चिकट द्रव हे जोडीचे उपाय आहेत. पट्टी नीट बसली नाहीं तर तिच्या कडेनेंच ट्यूब घासून भोंक पडतें, आणि द्रव कालांतरानें वाळतो. मूळ टायर चांगला असेल तर हे उपयोगी. झिजलेल्या टायरास ते तारूं शकत नाहींत.

झिजलेल्या टायराची गोष्ट निघाली म्हणून एक आठवण सांगतों. मीं शाळेंत असतांना वार्षिक परीक्षेच्या गणिताच्या पेपरास एक विद्यार्थी अर्धा तास उशीरा आला. शर्ट घामानें भिजलेला, हात काळे. गांवाबाहेरच्या वस्तीवरून तो सायकलीनें येत असे. वाटेंत पंक्चर झालें, दुकानें उघडलीं नव्हतीं, म्हणून सायकल ओढीत उरलेली वाट तो पायीं आला. मुलगा हुशार होता. तरी शेवटचीं दोन उदाहरणें राहिलींच. पेपर सुटल्यावर मीं त्याची सायकल पाहिली. मागच्या टायरावर नक्षी नव्हती, रबरहि नव्हतें. मधोमध कापडाचे धागे उघडे पडले होते. घरच्यांची समजूत अशी कीं, टायर अजून फुटलेला नाहीं तोंवर तो चालतो. त्या दिवशीं कांट्यानें फक्त निमित्त पुरविलें. पंक्चर कित्येक महिन्यांपूर्वींच लिहून ठेवलें गेलें होतें.

यावरून पहिला नियम निघतो. कोणता टायर घ्यावा याच्याहि आधीं, असलेला टायर केव्हां टाकावा हें ठरवावें. धागा दिसूं लागला, बाजूला भेगा पडल्या, किंवा एकामागून एक पंक्चरें होऊं लागलीं, म्हणजे त्याची सेवा संपली. मोठी चीर पडलेल्या टायराला आंतून गेटीस घालून घरापर्यंत येणें हा आपद्धर्म आहे. तो नित्यधर्म करूं नये.

दुसरा नियम मापाचा. पायाहून जोडा लहान किंवा मोठा चालत नाहीं, तसेंच हें. टायराच्या बाजूवर दोन तऱ्हांचीं मापें छापलेलीं असतात. आपल्याकडील उंच काळ्या सायकलीवर ‘२८ × १½’ आणि कधीं त्याच्याजवळ ‘४०-६३५’ असें आढळेल. दुसरें माप अधिक भरंवशाचें: ४० ही टायराची रुंदी आणि ६३५ हा रिमेवर तो जेथें बसतो तेथील व्यास, दोन्ही मिलिमीटरांत. नव्या तऱ्हेच्या कित्येक सायकलींचा टायरहि बोलण्यांत ‘अठ्ठावीस इंची’च म्हणवितो, पण त्याचा व्यास ६२२ असतो, तो काळ्या सायकलीवर कदापि बसणार नाहीं. याहून मौज २६ इंचांची. गणिताच्या वर्गांत १½ आणि १·५ या एकाच संख्या. टायराच्या दुकानांत मात्र ‘२६ × १½’ चा व्यास ५८४ आणि ‘२६ × १·५’ चा ५५९. म्हणून जुन्या टायरावरील मिलिमीटरांचा आंकडा कागदावर उतरून न्यावा. रुंदी थोडी वाढवितां येते, पण टायर आणि मडगार्ड यांच्यामध्यें जागा राहते ना, हें पाहावें. शहरांतील खडबडीत रस्त्यांना ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचा टायर बहुतेकांस मानवतो. खोल खांचांच्या नक्षीला भुलूं नये. ती मातीच्या वाटेसाठीं असते. डांबरी रस्त्यावर मधला भाग सलग असलेला टायर हलका धांवतो, आणि सायकलीच्या वेगाला पावसांतहि त्याची पकड पुरेशी असते.

आतां किंमत. पुढील आंकडे केवळ हिशोबाची रीत दाखविण्यासाठीं धरले आहेत. वाचकांनीं आपल्या गांवचे भाव आणि आपला अनुभव घालून तो पुन्हां मांडावा. समजा, जाणेंयेणें मिळून रोज १० किलोमीटर आणि वर्षाचे २५० दिवस, म्हणजे वर्षास २,५०० किलोमीटर चालणें आहे. आणि आपण मागच्या एकाच टायराचा विचार करीत आहों. साधा टायर ५०० रुपयांचा, ४,००० किलोमीटर टिकणारा, तेवढ्यांत दहा पंक्चरें, प्रत्येकीं ५० रुपये: एकूण १,००० रुपये, म्हणजे किलोमीटरास २५ पैसे. दुसरा संरक्षक थराचा, १,५०० रुपयांचा, ८,००० किलोमीटर टिकणारा, तीन पंक्चरें: एकूण १,६५० रुपये, किलोमीटरास सुमारें २१ पैसे. तिसरा परदेशी, जाड थराचा, ३,५०० रुपयांचा, तितकाच टिकणारा, पंक्चर एक: एकूण ३,५५० रुपये, किलोमीटरास सुमारें ४४ पैसे.

पैशांकडे पाहिलें तर पहिल्या दोहोंतील अंतर वर्षाकांठीं शंभर-सव्वाशें रुपयांचें. वेळेकडे पाहिलें तर तें अंतर फार मोठें आहे: पहिल्यांत वर्षास सहा पंक्चरें, दुसऱ्यांत एक. बहुतेक कुटुंबांनीं दुसराच घ्यावा, असें माझें मत आहे. तिसऱ्यास वर्षाला पांच-सहाशें रुपये अधिक पडतात. ज्यांस रात्रपाळी करून एकटें परतावयाचें असतें, ज्यांच्या वाटेवर दुकान नाहीं, किंवा ज्यांच्या हातांत चाक खोलण्याइतकें बळ राहिलें नाहीं, त्यांच्यासाठीं तो खर्च चैन म्हणतां येणार नाहीं. आणि दोहोंपैकीं एकच चांगला टायर परवडत असेल तर? मागच्या चाकावर भार अधिक असल्यामुळें पंक्चरें तेथें अधिक होतात. म्हणून पंक्चर टाळावयाचें तर संरक्षक टायर मागें घालावा. परंतु झिजलेला टायर मागून काढून पुढें घालणें सर्वथा वर्ज्य समजावें. पुढचा टायर धांवतांना फुटला तर सायकल सांवरत नाहीं.

इतकें करूनहि जो बहुतेक घरीं विसरला जातो, तो उपाय सर्वांत स्वस्त आहे: हवा. टायर जमिनीला किती टेकतो, याचें उत्तर भागाकारांत आहे. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो वजन धरलें आणि त्यांतले ५४ किलो मागच्या चाकावर आले, तर हवेचा दाब चौरस सेंटिमीटरास साडेतीन किलो, म्हणजे सुमारें ५० पौंडी, असतां टेकणारा भाग सुमारें १५ चौरस सेंटिमीटरांचा होतो. दाब निम्मा झाला कीं हा भाग दुप्पट. अधिक रबर रस्त्याला लागलें म्हणजे अधिक कांटे वेंचले जातात, बाजू वांकून वांकून चिरतात, आणि खड्ड्यांत ट्यूब चिमटते. उलट, हवा कमालीची गच्च भरली तर खडबडीत रस्त्यावर हादरे वाढतात. टायराच्या बाजूवर हवेच्या मर्यादा छापलेल्या असतात. त्यांच्या आंत, हलक्या स्वारानें कमी आणि वजनदार स्वारानें अधिक, असें मान ठेवावें. रबरांतून हवा सावकाश झिरपतच असते, तेव्हां आठवड्यांतून एकदां हवा भरणें हा नियम हवा. काळ्या सायकलीच्या जुन्या व्हॉल्वला दाबमापक नीट लागत नाहीं. तेथें पंक्चरवाल्याच्या अनुभवी अंगठ्यावर विसंबावें, किंवा स्वार बसल्यावर टायर बाजूंनीं किती फुगतो तें दुसऱ्यानें पाहावें. किंचित् फुगावा, पसरूं नये.

दर रविवारीं पांच मिनिटें चाक हातानें फिरवून पाहिलें, आणि रुतलेले कांचेचे कण बोथट टोंचणीनें काढून टाकले, तर पुढील आठवड्याचीं अर्धीं पंक्चरें रविवारींच टळतात. पंक्चर झालेंच तर नुसतें ठिगळ लावून ट्यूब परत घालूं देऊं नये. ट्यूबवरील छिद्र व्हॉल्वपासून किती अंतरावर आहे तें पाहून टायरावर तीच जागा शोधावी, आणि आंतून सुती फडकें फिरवावें. कण असेल तेथें तें अडकेल. बोट फिरवूं नये, कापेल. छिद्र ट्यूबेच्या आंतल्या अंगास, रिमेकडे असेल, तर दोष टायराचा नाहीं. आऱ्यांचीं टोकें झांकणारी पट्टी सरकली आहे, ती बदलावी. सायकल उन्हांत उभी करूं नये, आणि साखळीचें तेल किंवा रॉकेल टायराला लागूं देऊं नये. दोहोंनींहि रबर लवकर म्हातारें होतें. नवा टायर घेतांनाहि याच कारणास्तव बाजू किंचित् वांकवून पाहावी. दुकानाच्या दारांत वर्षानुवर्षें टांगलेल्या टायराला भेगा पडलेल्या असल्या तर तो नवा म्हणून घेऊं नये.

येथें कोणी म्हणेल, एवढा खटाटोप एका टायरासाठीं कशाला? त्यास उत्तर असें कीं, टायर एकच असला तरी त्यावर अवलंबून असणारीं माणसें पुष्कळ आहेत. सकाळीं दूध आणि वृत्तपत्रें टाकणारा मुलगा, चार घरचीं कामें करणारी बाई, शिकवणीला जाणारी मुलगी, निवृत्तीनंतर भाजी आणावयास निघालेले आजोबा, या सर्वांची वेळ आणि कित्येकांची मिळकत त्या रबराच्या थरावर चालते. आपल्या घरीं काम करणाऱ्या एखाद्याची सायकल दारांत उभी असेल, तर तिच्याहि मागच्या टायराकडे एकदां नजर टाकावी. धागे दिसत असतील, तर दिवाळीच्या बक्षिसींत साडी किंवा मिठाई देण्याऐवजीं एक चांगला टायर बसवून द्यावा. वर्षभर रोज सकाळीं वेळेवर पोहोंचवील अशी दुसरी भेट तितक्या पैशांत सहसा मिळत नाहीं.